माई दोनदाच गायच्या

नमस्कार. मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? बरं.

किशोरीताई आमोणकर आपल्या आईच्या शिकवण्याबद्दल एक गोष्ट सांगायच्या, त्यांच्या मुलाखतींमधून ती आलेली आहे, की माई स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, दोनदा गायची, अंतरा, म्हणजे दुसरा भाग, दोनदा गायचा, तिसऱ्यांदा नाही. त्या दोन वेळांत जे काय कानात धरायचं ते धरायचं, म्हणजे शब्द कुठल्या मात्रेवर पडला, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं, कुठून निघाली नि कुठे टेकली, श्वास कुठे घेतला, सगळं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते, मला राग आला होता. मी स्वतः मुलांना गाणं शिकवते, बरीच वर्षं झाली आता, आणि माझ्या क्लासमध्ये एक ओळ मी दहा वेळा म्हणते, पंधरा वेळा म्हणते, वर मुलं मोबाईलवर रेकॉर्ड करून नेतात ते वेगळंच. मला वाटलं ही कसली आई, पोटच्या पोरीला तिसऱ्यांदा सांगायला हिचं काय जात होतं? तो राग पुढे गेला, पण जायला खूप वर्षं लागली, आणि तो कसा गेला हेच मला आज तुम्हाला सांगायचंय. माईंनी जी तिसरी वेळ दिली नाही ना, तिच्याबद्दल.

माई म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. जन्म १५ जुलै १९०४, गोव्यातलं कुर्डी गाव, सांगे तालुक्यात. हे कुर्डीकर आडनाव जरा थांबून ऐका. केरीच्या केसरबाई केरकर, मालप्याच्या अंजनीबाई मालपेकर, तशा कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. गोव्यातल्या कलावंत घरांत गावाचं नाव लागायचं, कारण बापाचं नाव लावायची सोयच नव्हती. देवळाशी बांधलेली ही घरं, गाणं आईकडून मुलीकडे जायचं, घर आईच्या नावावर, मिळकत आईच्या गळ्यावर, निर्णय आईचे. घरात बाईचा शब्द चालायचा हे खरं, पण त्याची किंमत फार मोठी होती, कारण या बायकांचं गाणं समाजाला हवं असायचं आणि त्या बायका स्वतःच्या घरात, ओसरीवर, पंगतीत नको असायच्या. हे लक्षात ठेवल्याशिवाय माईंचं पुढचं वागणं कळत नाही. कडक, अबोल, करारी असं सगळे त्यांच्याबद्दल म्हणतात. पण तो करारीपणा आला कुठून हे बघायला हवं ना.

आणि ते कुर्डी गाव, ते आता पाण्याखाली आहे. साळावली नदीवर धरण झालं, १९८० च्या दशकात गाव बुडालं, लोक दुसरीकडे वसवले. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा काही दिवस गाव वर येतं, घरांचे चौथरे, वाटा, देवळाच्या खुणा, आणि जुने गावकरी, त्यांची मुलं, नातवंडं तिथे जाऊन देवाचा उत्सव करतात, मग पाऊस येतो आणि सगळं परत खाली. तिथलं महादेवाचं जुनं दगडी मंदिर तेवढं एकेक दगड सुटा करून दुसरीकडे नेऊन परत उभं केलं गेलं, त्याला वर्षानुवर्षं लागली. मला त्या मंदिराचं फार वाटतं. एकही दगड इकडचा तिकडे होऊन चालत नाही.

माईंची आई जयश्रीबाई. तिला स्वतःला गायची आवड आणि मुलीच्या गळ्यात काय आहे ते तिला कळलेलं. मोगू नऊ-दहा वर्षांची असताना आईनं तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळी नावाच्या नाटक कंपनीत घातलं. तेव्हा गाणं शिकायचं म्हणजे नाटक कंपनी हीच शाळा, जेवणखाण तिथेच, तालीम तिथेच. पण १९१४ मध्ये जयश्रीबाई गेल्या. पोर दहा वर्षांची. आई जाताना मुलीला म्हणाली की तू मोठी गाणारी झालीस की माझ्या जिवाला शांती मिळेल, असं सांगतात. आता विचार करा, दहा वर्षांच्या मुलीला आईनं मागे काय ठेवलं? शेत नाही, दागिने नाहीत, एक काम ठेवलं. आणि ते काम त्या मुलीनं पुढची ८६ वर्षं केलं, मी आकडा उगाच मोठा करून सांगत नाहीये, २००१ सालापर्यंत त्या होत्या.

नंतर सातारकर स्त्री संगीत मंडळी, म्हणजे सगळ्या भूमिका बायकाच करणार अशी कंपनी. तिथे त्यांनी नाट्यगीतं गायली, भूमिका केल्या, नाचाचंही शिकल्या. कंपनीत खटके उडाले, तब्येत बिघडली, आणि औषधपाण्यासाठी त्या सांगलीत आल्या. १९१९ च्या आसपासची गोष्ट. इथे एका खाँसाहेबांकडे थोडी तालीम मिळाली, तीही मध्येच तुटली. हे पहिलं तुटणं. मोजत राहा, कारण माझं पुढचं सगळं म्हणणं त्या मोजण्यावर आहे.

शिकवणारं कुणी नाही म्हटल्यावर ती पंधरा वर्षांची मुलगी काय करत होती, तर जेवढं मिळालं होतं तेवढं रोज घासत होती. घरात एकटी बसून. आणि त्या रस्त्यानं रोज एक वयस्क गृहस्थ जायचे, तेही उपचारासाठी सांगलीत आलेले, त्यांच्या कानावर ते पडायचं. एक दिवस ते आत आले, बसले, म्हणाले गा. आणि शिकवायला लागले. हे कोण आहेत ते तिला माहीतच नव्हतं असं सांगतात. मग एकदा बाहेरची कुणी मोठी माणसं त्यांना भेटायला आली आणि त्यांच्यापुढे वाकली तेव्हा कळलं की हे अल्लादियाखाँ आहेत. कोल्हापूर दरबारचे, जयपूर घराण्याचे अध्वर्यू, ज्यांच्याकडे शिकायला मिळावं म्हणून लोक उंबरे झिजवत होते. तिने त्यांना शोधलं नव्हतं, तिच्या रियाजानं त्यांना दारात आणलं.

अल्लादियाखाँसाहेबांबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट अर्धी राहते. तरुणपणी एका दरबारात इतकं गायला लागलं, इतकं, की त्यांचा मूळ आवाज गेला. परत आला तो तसा नव्हता. मग त्या आवाजाला जमेल, पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली, आकारातली, लयीला चिकटून जाणारी, गुंतागुंतीच्या तानांची. आपण ज्याला आज जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो ती अशी गमावण्यातून आलीये. असा माणूस सांगलीत त्या मुलीसमोर बसला होता. दोघांना काही बोलायची गरज पडली नसेल.

वर्षदीड वर्ष शिकवलं. मग खाँसाहेब सांगली सोडून गेले, पुढे शाहू महाराज वारल्यावर १९२२ नंतर मुंबईला स्थायिक झाले. हे दुसरं तुटणं. मोगूबाई त्यांच्यामागे मुंबईला आल्या, एकटी मुलगी, सतरा-अठरा वर्षांची, का, तर गुरू तिथे आहे म्हणून. मुंबईत शिकवणी परत सुरू झाली आणि परत थांबली, कारण खाँसाहेबांवर दुसरीकडच्या शिकवणीची बंधनं आली होती, इतर कुणाला शिकवायचं नाही अशी. हे तिसरं. तेव्हा काय करायचं? काही काळ आग्रा घराण्याकडे त्या शिकल्या, बशीरखाँ, विलायत हुसेनखाँ यांच्याकडे. मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ त्यांना शिकवायला लागले, खूप मनापासून शिकवलं त्यांनी, काही वर्षं चाललं, आणि तेही थांबलं, हैदरखाँ मुंबई सोडून गेले. चौथं.

अखेर १९३४ मध्ये अल्लादियाखाँसाहेबांनी त्यांना रीतसर गंडा बांधला, म्हणजे धागा बांधून शिष्य म्हणून पत्करलं. सांगलीच्या त्या घरापासून गंड्यापर्यंत पंधरा वर्षं गेली मधे. आणि तिथून १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत, मग सलग तालीम.

आता मला सांगा, जिची शिकवणी चार वेळा तुटलीये, जिला दर वेळी वाटलं असेल की उद्या हा माणूस येईल की नाही, ती बाई ऐकायची कशी असेल? आपण कसे ऐकतो? आपल्याला माहीत असतं परत मिळणार आहे, पुढच्या आठवड्यात क्लास आहे, रेकॉर्डिंग आहे, यूट्यूब आहे. त्यामुळे आपण अर्धं ऐकतो. माईंना एकेक जागा अशी ऐकायला लागली की बहुतेक ही शेवटची. आणि माझं असं ठाम मत झालंय, कुणी पुराव्यानं दाखवा म्हटलं तर मी दाखवू शकणार नाही, पण इतकी वर्षं शिकवून माझं मन मला हेच सांगतं, की माईंनी मुलीला दोनदाच सांगितलं ते निष्ठुरपणानं नाही. त्यांनी स्वतःचं ऐकणं मुलीला दिलं. बंदिश तर दुसऱ्या कुणीही दिली असती.

हे ऐकणं म्हणजे नक्की काय ते जरा करूनच बघू, नुसतं बोलून उपयोग नाही. हाताने टाळी धरा माझ्याबरोबर. तीनताल, सोळा मात्रा, विलंबित. समजा मिनिटाला ४० मात्रा असा ठेका आहे, म्हणजे एक मात्रा दीड सेकंदाची, पूर्ण आवर्तन २४ सेकंदांचं. एक... दोन... तीन... बघा, तिसऱ्या मात्रेलाच अर्ध्या लोकांची टाळी पुढे पळाली. दीड सेकंद रिकामा ठेवणं किती अवघड आहे बघा. आता जयपूरवाल्यांकडे हा दीड सेकंद रिकामा नसतो. त्या एका मात्रेच्या आत पाव पाव मात्रेचे कप्पे असतात आणि स्वर कुठल्या कप्प्यात ठेवायचा हे ठरलेलं असतं. गाणारा मात्रेवर धपकन पाय देत नाही, तो जरा आधी निघतो, जरा नंतर टेकतो, एका स्वरातून दुसऱ्यात वळसा घेत जातो आणि तरीही समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, असा येतो की ऐकणाऱ्याला वाटावं सम आपणहून त्याच्याकडे चालत आली. माईंची लय ऐकलेले जाणकार त्यांच्या लयीबद्दलच जास्त बोलतात, ते यासाठी. समेवर येताना घाई नाही, धाप नाही.

त्यात भर म्हणजे यांचे राग. बसंती केदार घ्या. एकाच रागात बसंत आणि केदार. केदारचा शुद्ध मध्यम, ती सा वरून म वर जाणारी मोठी ढांग, आणि बसंतचा तीव्र मध्यम, कोमल ऋषभ, वरच्या षड्जाकडे, म्हणजे वरच्या सा कडे, जाणारा तो भाव. आता यातल्या एका रागातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसता कामा नये, शिंपी चांगला असेल तर शिवण हाताला लागत नाही ना, तसं. आणि हे पेन कागद न घेता, नोटेशन न करता, सात-आठ-दहा वर्षांच्या मुलीने कानाने उचलायचं. माई तंबोरा घेऊन समोर. एकदा स्थायी. शांतता. परत एकदा स्थायी. मग नुसतं बघणं, म्हणजे आता तू.

मी हे माझ्या एका विद्यार्थिनीवर करून पाहिलं. रोजच्यासारखी दहा वेळा न म्हणता तिला म्हटलं, आज मी दोनदाच म्हणणार. पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा तिचा चेहरा बदलला. मान खाली, डोळे मिटलेले, मांडीवर मधल्या बोटानं हलकेच मात्रा चाललेली, ओठ हलत नव्हते. एरवी ती माझ्याबरोबर गुणगुणायची, म्हणजे ऐकायची नाहीच, माझ्या आवाजावर स्वतःचा आवाज टाकायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा गप्प बसली आणि ऐकलं. दुसऱ्यांदा मी म्हणताना एका जागी तिचं बोट थांबलं, जिथे मी गंधारावर किंचित रेंगाळते तिथे, ती जागा वर्षभरात तिला कधीच दिसली नव्हती. तिने म्हटलं ते काही पूर्ण बरोबर नव्हतं, तीन ठिकाणी चुकलं. पण गंधार आला. मी घरी जाऊन रडले त्या दिवशी, खरंच, कारण माझ्या लक्षात आलं की मी इतकी वर्षं माया म्हणून जे करत होते त्याने मुलांचे कान आळशी केले.

तर हे झालं शिकवणं. आता घर.

माईंचं लग्न माधवदास भाटिया यांच्याशी झालं. तीन मुलं, थोरल्या किशोरीताई, मग ललिता, मग उल्हास. किशोरीताई सहा-सात वर्षांच्या असताना वडील गेले. तीन लहान मुलं आणि माई एकट्या, मुंबईसारख्या शहरात, मिळकत काय तर मैफली आणि शिकवण्या. खाँसाहेबांची तालीम चालूच होती त्या काळात हे विसरू नका. म्हणजे दिवसाचा हिशोब करा, मुलांचं खाणंपिणं, स्वतःचा रियाज, स्वतःची तालीम, बाहेरच्या शिकवण्या, आणि आपल्या मुलीला शिकवणं. आपण म्हणतो ना, घर सांभाळून अमुक केलं. माईंच्या बाबतीत ते वाक्य मला चुकीचं वाटतं. तिथे घर आणि गाणं अशी दोन कामं नव्हतीच. तंबोरा सुरात लागला की घर चालू व्हायचं, भाकरी त्यातूनच यायची आणि वळणही त्यातूनच लागायचं.

मैफलींची गोष्ट किशोरीताई सांगायच्या तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. त्या आईबरोबर तंबोऱ्याला जायच्या. तिसऱ्या वर्गाचा डबा, उतरायला कुणाचं तरी घर, बिदागी तुटपुंजी, आणि वागणूक, ती तर विचारायलाच नको. ज्यांच्याकडे गायचं त्यांना स्वरात काय चाललंय ते कळतंय का हा प्रश्न वेगळाच. माई तक्रार करायच्या नाहीत, गायच्या, परत यायच्या. मागे तंबोरा घेऊन बसलेली ती मुलगी मात्र हे सगळं बघत होती. पुढे किशोरीताईंच्या अटींबद्दल लोक काय काय बोलले, की मैफलीत बोललेलं चालत नाही, उशिरा सुरू करतात, अमुक पाहिजे तमुक पाहिजे. मी तुम्हाला सांगते, त्या अटी आईसाठी होत्या. आईला जे मिळालं नाही ते मुलीनं वसूल केलं, तेही स्वतःसाठी एकटीसाठी नाही, पुढच्या सगळ्या गाणाऱ्यांसाठी. आज स्टेजवर कलाकाराला बऱ्या हॉटेलात उतरवतात, वेळेवर मानधन देतात, त्यामागे या दोघींचं आहे थोडं.

माईंनी एक गोष्ट केली ती मला घरातल्या कर्त्या बाईच्या दृष्टीनं फार मोठी वाटते. आपल्या मुलीला त्यांनी आपल्यापाशी कोंडून ठेवलं नाही. भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे पाठवलं, आग्र्याच्या अन्वर हुसेनखाँकडे, बाळकृष्णबुवा पर्वतकर, मोहनराव पालेकर, ग्वाल्हेरचे शरच्चंद्र आरोलकर, असे किती गुरू. विचार करा, जिला स्वतःला एका घराण्याची तालीम मिळवायला पंधरा वर्षं घासावं लागलं ती बाई मुलीला म्हणते की दुसऱ्यांकडचंही घे. यात भीती नाही कुठे. आपल्याकडे शिष्य दुसऱ्याचं नुसतं गाणं ऐकायला गेला तरी तोंड फुगवणारे गुरू मी पाहिलेत.

पण जिथे नाही म्हणायचं तिथे नाहीच. किशोरीताईंनी १९६४ च्या 'गीत गाया पत्थरों ने' सिनेमाचं शीर्षकगीत गायलं, तुम्ही ऐकलंच असेल. माईंनी सांगून टाकलं, सिनेमात गाणार असशील तर माझ्या दोन तंबोऱ्यांना हात लावायचा नाही. आता यात बरोबर चूक काय ते तुम्ही आपापलं ठरवा, माझं मन दोन्हीकडे जातं, कारण सिनेसंगीत मला आवडतं आणि तिथे किती सुंदर काम झालंय ते मला माहीत आहे. पण धमकी कशाची दिली ते बघा ना. घरातून जा म्हणाल्या नाहीत, बोलणार नाही म्हणाल्या नाहीत. तंबोऱ्याला हात लावायचा नाही, बस. त्या घरात याहून मोठी शिक्षाच नव्हती, आणि दोघींनाही ते माहीत होतं.

शिष्य फक्त मुलगी असंही नाही. पद्मा तळवलकर त्यांच्याकडे शिकल्या, कौसल्या मंजेश्वर, कमल तांबे, सुहासिनी मुळगावकर शिकल्या. बबनराव हळदणकर आधी माईंकडे शिकले आणि मग आग्र्याच्या खादिम हुसेनखाँकडे, आणि दोन्ही घराण्यांबद्दल तुलना करून लिहिण्याइतकं त्यांना कळलं. वामनराव देशपांडे व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट, आकडेमोडीचा माणूस, तेही माईंकडे शिकले, आणि घराण्यांच्या सौंदर्यविचारावर मराठीतलं मूलभूत लेखन त्यांनी केलं. अरुण द्रविड केमिकल इंजिनियर, लहान वयात माईंकडे आले. ही माणसं गाण्यावर पोट भरणारी नव्हती सगळी, तरी माईंनी त्यांना हौशी म्हणून वेगळी, पातळ तालीम दिली असं कुठे दिसत नाही, त्यांच्या गाण्यात आणि लिहिण्यात ती घट्ट तालीम दिसतेच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडे पालक येतात, म्हणतात तिला काही गायिका व्हायचं नाहीये हो, जरा हलकंसं शिकवा. हलकंसं म्हणजे काय? षड्ज हलका लावायचा? बेसूर चालेल? गाणं पोटासाठी शिका नाहीतर आवडीसाठी, सा तोच आहे.

मानसन्मान उशिरा आले, १९६८ मध्ये संगीत नाटक अकादमी, १९७४ मध्ये पद्मभूषण. तेव्हा त्या सत्तर वर्षांच्या होत्या. किशोरीताईंना १९८७ मध्ये पद्मभूषण, २००२ मध्ये पद्मविभूषण. एकाच घरात आईला आणि मुलीला, तेही ख्याल गायनासाठी. यावर मी जास्त बोलत नाही, पुरस्कारांची यादी कुठेही मिळते.

१० फेब्रुवारी २००१ ला माई गेल्या, ९६ वर्षांच्या होऊन. त्यानंतर सोळा वर्षांनी, ३ एप्रिल २०१७ ला किशोरीताई. पण मधल्या काळात काय घडत होतं तेही सांगते, किशोरीताईंच्या मागे तंबोऱ्यावर त्यांची नात तेजश्री बसायची, आता ती स्वतः गाते. जयश्रीबाईंपासून मोजा. जयश्रीबाई, मोगूबाई, किशोरीताई, मधली एक पिढी सोडून तेजश्री. कुर्डीचं घर पाण्याखाली गेलं, पण स्वर कुठल्या कप्प्यात ठेवायचा ते तसंच्या तसं इकडून तिकडे आलं, एकेक दगड जागच्या जागी. किशोरीताईंनी त्यात बदल केले हे मला मान्य आहे, खूप केले, आलापी वाढवली, भावाकडे नेलं, त्यावर वादही झाले. पण बदल करायला आधी काय होतं ते बारीकसारीक माहीत असावं लागतं, आणि ते माहीत करून घ्यायला त्यांना दोनच वेळा मिळाल्या होत्या.

माझ्या क्लासमध्ये मी आता काय करते, हा प्रश्न मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारला. मी दोनदा म्हणते, मग थांबते. मुलं चुकली तर लगेच म्हणून दाखवत नाही, विचारते, तुला काय ऐकू आलं? ते शोधू देते. पहिले दोन महिने पालक नाराज होते, एकदोघांनी मुलं काढूनही नेली. मोबाईल मी बंद करायला लावते त्या दोन वेळांपुरता. आणि मुलं लहान असतील, अगदीच सहा वर्षांची वगैरे, तर मी तिसऱ्यांदा म्हणते, कारण मी माई नाही आणि त्या मुलांचं बालपण माईंच्या मुलीसारखं नाही, प्रत्येक मूल वेगळं. पण तिसऱ्यांदा म्हणताना मला माईंची आठवण येते आणि मी ती वेळ जपून देते.

बरं, आता मी बोलणं थांबवते. आकाशवाणीवरचं माईंचं एक जुनं ध्वनिमुद्रण आणलंय, खरखर आहे थोडी सुरुवातीला, तंबोरे जरा लांबून ऐकू येतील. फार नाही, पंधराएक मिनिटं. फोन बॅगेत ठेवा सगळ्यांनी, रेकॉर्ड करू नका, प्लीज. मी हे दोनदा लावणार आहे. पहिल्यांदा समेचा विचार न करता नुसतं बसा. दुसऱ्यांदा मांडीवर हात ठेवा आणि मात्रा धरा, टाळी नको, एक बोट पुरे. मागचे दिवे घालवता का जरा?